शरणपूरचे आफ्रिकन

पॅन-आफ्रिकन चळवळीची जन्मपत्रिका मांडायची तर तिथी आणि गाव दोन्ही तयार आहेत. २३ ते २५ जुलै १९००, लंडनचा वेस्टमिन्स्टर टाउन हॉल. त्रिनिदादहून आलेला हेन्री सिल्व्हेस्टर विल्यम्स हा परिषदेचा कर्ता. त्यानेच १८९७ मध्ये लंडनमध्ये ‘आफ्रिकन असोसिएशन’ काढली होती. अमेरिकेतले बिशप अलेक्झांडर वॉल्टर्स अध्यक्षस्थानी, जगातल्या राष्ट्रांना उद्देशून काढलेल्या निवेदनामागे डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांची लेखणी, व्यासपीठावर ॲना ज्युलिया कूपर, आणि सहभागींच्या यादीत आपले दादाभाई नौरोजी. ही पत्रिका खोटी नाही. पण जन्माआधी नऊ महिने असतात, आणि त्या नऊ महिन्यांचा हिशेब आजवर जवळजवळ सगळा अटलांटिक महासागराच्या खात्यावर मांडला गेला आहे. गुलामांची जहाजे, वेस्ट इंडीजचे ऊसमळे, अमेरिकेतले यादवी युद्ध, लायबेरिया, सिएरा लिओन. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचे, म्हणजे आपल्या समुद्राकडचे पान कोरेच राहते. त्या पानावर एक नाव लिहायला हवे असे माझे म्हणणे आहे, आणि ते नाव नाशिकच्या वेशीबाहेरच्या शरणपूरचे आहे.

म्हणणे नीट मांडायचे तर आधी एक भाबडी समजूत बाजूला ठेवावी लागते. आफ्रिकेत आफ्रिकन राहत होतेच, त्यांना फक्त एकत्र यायचे होते, अशी ती समजूत. १८५० मध्ये न्यासा सरोवराकाठचा माणूस स्वतःला याओ म्हणवत होता, शेजारचा मकुआ, किनाऱ्यावरचा गिरियामा. या सगळ्यांना मिळून एक नाव आहे आणि त्या नावाला एक हक्क चिकटलेला आहे, ही जाणीव घरी बसून होत नाही; ती परमुलखात, परक्याच्या तोंडून ऐकून होते. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. देशावरचा, कोकणातला, कुणबी, धनगर, ब्राह्मण असे घरचे सगळे भेद घेऊन अठराव्या शतकातली फौज राजपुतान्यात उतरली की तिथल्या लोकांच्या लेखी ती एकजात ‘दखणी’ असे. जयपूरचा राजा ईश्वरीसिंह याच्या मृत्यूनंतर, जानेवारी १७५१ मध्ये, जयपूर शहर पाहायला आत गेलेल्या मराठ्यांची कत्तल झाली, तेव्हा मारणाऱ्यांनी कोणाची जात-पोटजात विचारली नव्हती. दखणी एवढी खूण पुरेशी होती. परक्याने मारलेला शिक्का पुढे आपणच अभिमानाने कपाळी लावायचा, ही इतिहासातली नेहमीची उलटापालट आहे. ‘आफ्रिकन’ या शब्दाचेही तसेच झाले. तेव्हा शोध घ्यायचा तो पहिल्या परिषदेचा नव्हे. हा शिक्का कुठे कुठे मारला गेला आणि तो कोणी उलटवून स्वतःचा केला, याचा.

हिंदी महासागरात शिक्का मारण्याचे काम ब्रिटिश आरमाराच्या हातून झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात गुलामीला कायद्याचा आधार उरला नाही तो १८४३ च्या कायद्याने. झांझिबारच्या सुलतानाशी १८२२ आणि १८४५ मध्ये करार होऊन गुलामांच्या निर्यातीवर बंधने आली. तरी अरबी गलबतांतून माणसे नेणे चालूच होते. आरमाराने एखादे गलबत पकडले की प्रश्न पडे: सुटलेल्यांचे करायचे काय? किनाऱ्यावर सोडले तर आठवड्याभरात पुन्हा विकले जातील. म्हणून त्यांना एडनला, सेशेल्सला किंवा मुंबईला उतरवत. मुंबईत मोठ्यांना गोदीत, जहाजांवर, घरकामाला लावले जाई. मुले मिशनऱ्यांच्या हवाली होत. रेव्हरंड विल्यम साल्टर प्राइस यांनी चर्च मिशनरी सोसायटीतर्फे १८५४ मध्ये नाशिकपासून मैलभरावर ख्रिस्ती वस्ती वसवली होती. नाव शरणपूर. १८६० च्या सुमारास तिथेच ‘आफ्रिकन असायलम’ सुरू झाले. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे, बायबल. शाळेत इंग्रजी, भोवताली मराठी आणि हिंदुस्थानी. शरण आलेल्याला अभय देण्याचा आपल्याकडचा जुना शब्द मिशनऱ्यांनी बरोबर उचलला. मात्र एक गोष्ट विसरू नये. याच काळात झांझिबारची जकात कच्छच्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे मक्त्याने होती, आणि तिथल्या कित्येक हिंदी व्यापाऱ्यांच्या घरी गुलाम होते; ब्रिटिश प्रजा म्हणून त्यांच्याकडचे गुलाम सोडवण्याची मोहीम कॉन्सल रिग्बी यांना १८६० मध्ये हाती घ्यावी लागली. हिंदुस्थानाने एका हाताने शरण दिले तेव्हा दुसरा हात कुठे होता, हेही त्याच वहीत लिहिलेले आहे.

शरणपुरात आलेल्या मुलांची मूळ नावे बहुतेक पुसली गेली. सायमन प्राइस, रिचर्ड आयझेनबर्ग, एडवर्ड गार्डनर, जेम्स रटन, जेकब वेनराइट अशी नावे त्यांच्या जागी आली. त्यांतले प्राइस हे वस्तीच्या प्रमुखाचे आडनाव, आयझेनबर्ग हे मुंबईतल्या जर्मन मिशनऱ्याचे. एका खोलीत याओ, मकुआ, न्यासा अशी मुले. एकमेकांची बोली येत नाही, म्हणून आपसांतले बोलणे तिसऱ्याच भाषेत. आई-बाप कोण हे आठवत असेल, पण गाव कोणत्या दिशेला हे सांगता येत नाही. अशा मुलाला तू कोण असे विचारले तर उत्तर काय द्यायचे? संस्थेच्या पाटीवर ते लिहिलेलेच होते. त्यांची टोळी, कूळ, गाव या पायऱ्या मोडल्या होत्या, आणि वर उरली होती एकच पायरी, सबंध खंडाएवढी. अटलांटिकपलीकडे ऊसमळ्यांवर हेच चार पिढ्यांत झाले. शरणपुरात ते एका शाळेच्या अभ्यासक्रमात बसले.

याचा पुरावा आफ्रिकेचे संशोधक डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या प्रवासाच्या रोजनिशीत सापडतो, तोही त्यांना अभिप्रेत नसलेल्या अर्थाने. १८६५ मध्ये डॉक्टर मुंबईत होते. आपली ‘लेडी न्यासा’ ही आगबोट त्यांनी विकली, नाशिकला जाऊन नऊ तरुण निवडले आणि १८६६ मध्ये ते आफ्रिकेत उतरले. या ‘नासिक बॉइज’बद्दल त्यांच्या तक्रारी पुष्कळ आहेत: आळशी आहेत, रेंगाळतात. पण त्याच पानांत एक नोंद आहे. याओ मुलखात मटाका नावाच्या सरदाराच्या गावी त्या नऊ जणांपैकी अब्राहमला गर्दीत आपला मामा भेटला. अब्राहम पकडला गेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणीही विकल्या गेल्या, ही बातमी मामाने दिली आणि इथेच राहा म्हणून आग्रह धरला. अब्राहम राहिला नाही. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे राहून काय करू, असा त्याच्या उत्तराचा आशय. घरी परतलेल्या माणसाने घर नाकारले, हे कोडे वाटते खरे. पण ‘परत जा’ असे आफ्रिकनांना सांगणाऱ्या प्रत्येक चळवळीपुढे, लायबेरियापासून मार्कस गार्वीपर्यंत, हाच पेच उभा राहिला. जायचे कुठे? गाव शिल्लक नसते. खंड शिल्लक असतो. अब्राहमने हा विचार म्हणून मांडला नाही. तो फक्त काफिल्याबरोबर पुढे चालू लागला.

दुसरा पुरावा प्रसिद्ध आहे, पण प्रसिद्धी लिव्हिंग्स्टनच्या वाट्याला गेली. १८७२ मध्ये शरणपूरच्या तालमीतली आणखी काही माणसे त्यांना येऊन मिळाली: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, कॅरस फॅरर, मॅथ्यू वेलिंग्टन आणि इतर. १ मे १८७३ च्या आसपास, आजच्या झांबियातल्या चिटांबो यांच्या गावी डॉक्टर वारले. पुढे काय करायचे हे त्या माणसांनी आपसांत ठरवले. तिथे एकही गोरा नव्हता. डॉक्टरांचे जुने सोबती सुसी आणि चुमा यांच्या पुढारपणाखाली हृदय झाडाखाली पुरले गेले, जेकबने दफनविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या बुंध्यावर अक्षरे कोरली. डॉक्टरांच्या नावाबरोबर त्यात काफिल्यातल्या आफ्रिकन म्होरक्यांचीही नावे आहेत. वाळवलेला देह घेऊन हजार मैलांहून अधिक वाट तुडवत ते बागामोयोच्या किनाऱ्याला निघाले. मध्ये ताबोऱ्याजवळ लिव्हिंग्स्टनच्या शोधात आलेला लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. त्याने सल्ला दिला, इथेच पुरा. तो ब्रिटिश अधिकारी, हे मुक्त झालेले गुलाम; त्यांनी नकार दिला आणि देह किनाऱ्याला पोहोचवला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटी वाहणाऱ्यांत संशोधक स्टॅन्ली आणि लिव्हिंग्स्टनचे जुने सहकारी कर्क यांच्याबरोबर जेकब वेनराइट होता. स्वामिभक्तीची गोष्ट म्हणून हे पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले. माझ्या मते यात भक्तीहून अधिक काही आहे: वेगवेगळ्या टोळ्यांच्या माणसांनी, वरून हुकूम देणारा कोणी नसताना, मसलत केली, कामे वाटून घेतली, नऊ महिने शिस्त टिकवली आणि सत्तेच्या प्रतिनिधीला नाही म्हटले. संघटना म्हणतात ती आणखी वेगळी कशी असते?

सर बार्टल फ्रिअर यांनी हे सामर्थ्य हेरले; अर्थात आपल्या कामासाठी. मुंबईचे गव्हर्नर म्हणून १८६२ ते १८६७ या काळात शरणपूर त्यांच्या अमलाखालीच होते. १८७२-७३ मध्ये झांझिबारच्या सुलतानाकडे वकिलात घेऊन गेल्यावर त्यांनी शिफारस केली की सुटलेल्या गुलामांची वसाहत आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच करावी आणि तिचा कणा नाशिकला शिकलेल्या माणसांचा असावा. जून १८७३ मध्ये सुलतान बरघश याने, नाकेबंदीच्या धाकाखाली, गुलामांचा बाजार बंद करणाऱ्या करारावर सही केली. पुढच्या वर्षअखेरीस प्राइस स्वतः मोंबासाला गेले आणि १८७५ मध्ये समोरच्या भूमीवर ‘फ्रिअर टाउन’ उभे राहिले. शरणपूरचे आफ्रिकन असायलम मिटले. त्याची माणसे समुद्रापार गेली. त्याआधीही, १८६४ मध्ये, जॉर्ज डेव्हिड, इश्मएल सेमलर आणि विल्यम जोन्स हे शरणपूरचे विद्यार्थी मोंबासाजवळच्या रबाई येथे मिशनरी रेबमान यांच्या मदतीला गेले होतेच. किनाऱ्यावर या सगळ्यांना एक नाव पडले: ‘बॉम्बे आफ्रिकन्स’. नाशिकला जे आफ्रिकन होते, ते आफ्रिकेत पोहोचल्यावर बॉम्बेचे झाले! शिक्क्याची गंमत अशी की तो नेहमी दुसऱ्या गावचा असतो.

फ्रिअर यांच्या डोळ्यांपुढे नमुना होता पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीटाउनचा, आणि माझ्या मुद्द्याचा गाभा याच तुलनेत आहे. सिएरा लिओनमध्येही आरमाराने सोडवलेली माणसे उतरवली जात, तिथेही चर्च मिशनरी सोसायटीच शाळा चालवी. १८२२ मध्ये गुलामांच्या जहाजावरून सुटलेला सॅम्युअल क्राउदर नावाचा योरुबा मुलगा तिथे शिकला, १८२७ मध्ये स्थापन झालेल्या फोरा बे कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांत गणला गेला आणि १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला. असाच सुटका झालेल्या घरातला जेम्स हॉर्टन डॉक्टर झाला, ‘आफ्रिकानस’ हे नाव त्याने स्वतः धारण केले आणि १८६८ मध्ये आफ्रिकी वंशाच्या बाजूने ग्रंथ लिहिला. लायबेरियात कीर्ती मिळवलेले एडवर्ड ब्लायडन याच फ्रीटाउनमध्ये वावरले. पॅन-आफ्रिकन विचाराचे पूर्वज म्हणून ब्लायडन आणि हॉर्टन यांची नावे प्रत्येक इतिहासात येतात, आणि यायलाच हवीत. मग तीच संस्था, तीच पद्धत, तसाच उखडलेला माणूस आणि तोच परतीचा प्रवास असताना, पूर्वेकडच्या मंडळींना पूर्वजांच्या रांगेत जागा का नाही?

साम्य निव्वळ शाळेपुरते नाही. ते संघर्षातही उतरते. मिशनऱ्यांनी या माणसांना सांगितले होते की देवापुढे सगळे सारखे. माणसांनी ते खरे मानले, आणि भानगड तिथेच झाली. फ्रिअर टाउनचा व्यवस्थापक स्ट्रीटर याने सुटलेल्या गुलामांना चाबकाचे फटके मारण्याचा सपाटा लावला. १८८१ मध्ये सरकारी चौकशी झाली आणि पुढे त्याला जावे लागले. गुलामीविरुद्धच्या निशाणाखाली चाबूक चालतो, हे ज्यांनी पाहिले त्यांना रंगाचे राजकारण शिकवायला लंडनहून कोणी यायची गरज नव्हती. जॉर्ज डेव्हिडने किनाऱ्यापासून आत गिरियामांमध्ये काम उभारले, १८८४ मध्ये तो वारला. रीतसर दीक्षा त्याला मिळालीच नाही. सेमलर आणि जोन्स यांना १८८५ मध्ये डीकन करण्यात आले, आणि पूर्ण पाद्री व्हायला आणखी दहा वर्षे लागली. म्हणजे १८६४ पासून मोजले तर एकतीस वर्षांची उमेदवारी. कोवळे इंग्रज तरुण दरम्यान येत, त्यांच्यावर साहेब होत आणि हवा मानवली नाही की परत जात.

या सगळ्यांत विल्यम जोन्सकडे जरा थांबून पाहावे. जन्माने याओ, शरणपुरात लोहारकाम शिकलेला. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले तेव्हा जोन्स बरोबर होता. बिशप पुढे गेले आणि म्वांगा राजाच्या माणसांनी त्यांना ठार केले. मागे राहिलेला काफिला जोन्सने महिनोन्महिने चालवत किनाऱ्याला आणला. १८८६ च्या आरंभी तो रबाईत शिरला तेव्हा काफिल्यापुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत बायबलमधला ‘इकाबोद’ हा शब्द: वैभव गेले. पण जोन्सचे मोठे काम त्याहून शांतपणे चालले होते. रबाईत तो पळून आलेल्या गुलामांना ठेवून घेई. मिशनचे धोरण याविरुद्ध होते. मालक चिडतील, सुलतानाशी बिघडेल, ही भीती खोटीही नव्हती. जोन्सच्या रबाईत पळपुट्यांची वस्ती वाढतच गेली. शेवटी नव्याने आलेल्या ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीला मार्ग काढावा लागला: १ जानेवारी १८८९ रोजी कंपनीचे मॅकेन्झी यांनी मालकांना नुकसानभरपाई देऊन चौदाशेहून अधिक लोकांना मुक्तीचे दाखले दिले. इतिहासात हे श्रेय कंपनीच्या खात्यावर जमा आहे. दाखले देण्यासारखी चौदाशे माणसे तिथे जमली कशी, याचे उत्तर नाशिकच्या या लोहाराजवळ आहे. पुढे वेतनावरून आणि मानावरून त्याचे मिशनशी खटके उडत गेले.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की यांनी ‘पॅन-आफ्रिकन’ हा शब्द कधी वापरला नाही, परिषद भरवली नाही, जाहीरनामा काढला नाही. हे मान्यच केले पाहिजे. फ्रीटाउनला कॉलेज होते, छापखाने होते, वर्तमानपत्रे होती, वकील-डॉक्टरांची एक पिढी होती. शरणपूरने सुतार, लोहार, शिक्षक आणि मोजके पाद्री दिले. जेकब वेनराइटने आपल्या हाताने इंग्रजीत रोजनिशी लिहिली, आणि ती १८७४ मध्ये छापून आली जर्मन भाषांतरात, एका भूगोलविषयक नियतकालिकात; त्याचे स्वतःचे शब्द वाचकापर्यंत पोहोचायला कित्येक दशके जावी लागली. तेव्हा शरणपुरातून विचार निघाला असा दावा मी करत नाही. दावा इतकाच की ज्या माणसाशिवाय तो विचार अशक्य होता, तो माणूस इथेही घडला. विचार लिहिणाऱ्यांचा इतिहास आणि विचार जगणाऱ्यांचा इतिहास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लिहिणाऱ्यांचा सोपा असतो, कारण कागद मागे उरतो.

दुसरा आक्षेप: हे साम्राज्याचे सेवक होते. ब्रिटिश आरमाराने सोडवलेले, ब्रिटिश मिशनने शिकवलेले, ब्रिटिश संशोधकांची ओझी वाहणारे, आणि ज्यांनी पुढे केनिया गिळला त्यांच्यासाठी वाट पाडणारे. शिवाय किनाऱ्यावर उतरल्यावर हे लोक कोट-पाटलोणीत वावरत आणि आसपासच्या गिरियामांना अडाणी समजून अंतर राखत. यातले एकही विधान खोटे नाही. पण याच गाळणीतून लंडनची परिषद गाळून पाहा. १९०० च्या त्या सभेने दक्षिण आफ्रिकेतल्या अन्यायाविरुद्ध अर्ज केला तो व्हिक्टोरिया राणीच्या दरबारी, आणि वसाहतमंत्री चेंबरलेन यांच्याकडून आलेल्या उत्तरावर तिला समाधान मानावे लागले. ब्लायडन यांनी ब्रिटिश साम्राज्याची स्तुती कित्येकदा केली. क्राउदर तर आयुष्यभर सोसायटीचे नोकर. आपल्याकडेही दादाभाईंची भाषा आरंभी राजनिष्ठेचीच होती, म्हणून राष्ट्रीय चळवळीच्या पूर्वजांतून त्यांना कोणी वगळत नाही. मालकाच्या घरात वाढलेल्या माणसाला आधी मालकाचीच भाषा येते. पाहायचे ते हे की त्या भाषेत तो पुढे काय मागू लागला. क्राउदरच्या म्हातारपणी, १८९० मध्ये, तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी त्यांच्या नायजर मिशनची मानहानी केली आणि पश्चिम आफ्रिकेत स्वतंत्र आफ्रिकन चर्चची मागणी पेटली. त्याच दशकात जोन्स पूर्वेकडे वेतन आणि मान यांसाठी भांडत होता. दोघांना एकमेकांची खबर होती की नाही, याने फारसा फरक पडत नाही. एकाच साच्यातून निघालेल्या दोन भांड्यांना तडाही एकाच जागी गेला.

तिसरा आक्षेप मराठी वाचकाच्या मनात आपोआप येईल: आफ्रिकन आपल्याकडे काय नाशिकलाच आले? मलिक अंबर कुठे गेला, जंजिऱ्याचे सिद्दी कुठे गेले? हा आक्षेप खरे तर माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. मलिक अंबर याची योग्यता वादातीत. सतराव्या शतकाच्या आरंभी मोगलांना दख्खनेत जो माणूस स्वस्थ बसू देत नव्हता तो हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला. जंजिऱ्याची गादी १९४८ पर्यंत टिकली. पण हे हबशी इथल्या राजकारणात मुरले. निजामशाहीचे वजीर झाले, जहागीरदार झाले, दर्यावर सत्ता गाजवू लागले. त्यांची निष्ठा गादीशी, धर्माशी, मुलखाशी जडली. मागच्या खंडाशी हिशेब पुरा करण्याची गरज त्यांना उरली नाही. अमेरिकेतले कृष्णवर्णीय लेखक जे. ए. रॉजर्स यांनी विसाव्या शतकात मलिक अंबराला जगातल्या थोर कृष्णवर्णीयांच्या चरित्रमालेत आणून बसवले, हा पॅन-आफ्रिकन अभिमानाचा प्रताप. अंबराच्या स्वतःच्या मनात असे काही असण्याचे कारण दिसत नाही. शरणपूरचे वेगळे होते. तिथे तीन गोष्टी एकत्र आल्या: सगळ्यांवर मारलेला एकच ‘आफ्रिकन’ शिक्का, समानतेचे वचन देणारी साक्षरता, आणि प्रत्यक्ष परतीचा प्रवास. यांतली एक जरी नसती तरी त्यांचे दख्खनी सिद्दीच झाले असते.

उरला मराठी अभिमानाचा मोह. नाशिकने पॅन-आफ्रिकन चळवळ जन्माला घातली अशी आरोळी ठोकायला फारसा वेळ लागत नाही. पण शरणपूर गावाबाहेर होते आणि भोवतालच्या समाजाने त्या मुलांची दखल घेतल्याच्या खुणा फारशा नाहीत. त्यातून एक विचित्र योग दिसतो. १८७३ हे वर्ष घ्या. चिटांबोच्या गावी जेकब झाडावर अक्षरे कोरत होता, झांझिबारचा बाजार बंद होत होता, आणि पुण्यात जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध होत होती, निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलेली. शूद्रातिशूद्रांची गुलामी आणि आफ्रिकनांची गुलामी एका मापाने मोजणारा तो या देशातला पहिला मोठा ग्रंथ. जोतीरावांची नजर मात्र अटलांटिकपलीकडे लागली होती. कारण तिथे युद्ध झाले होते, त्याची पुस्तके आणि वर्तमानपत्रे इथे येत होती. पुण्यापासून काही मजलांवर असलेल्या नाशिकला मुक्त आफ्रिकन मुले भाता फुंकत होती, त्यांच्याबद्दल छापून आलेले काय होते? पुन्हा तोच कागदाचा प्रश्न. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, तेव्हाही संवाद मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यातला होता. मोंबासाची वाट कोणाला आठवली नाही, आणि ती वाट तर या दोघांहून जवळची.

फ्रिअर टाउनची पुढची पिढी केनियाच्या राजकारणात आली, पण तिचा मार्ग सरळ रेषेत काढता येत नाही. या वस्तीतले जेम्स म्बोटेला यांनी १९३४ मध्ये स्वाहिलीत ‘उहुरू वा वातुम्वा’, म्हणजे ‘गुलामांची मुक्ती’, हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे घराणे थेट पूर्व आफ्रिकेतच सुटका झालेल्यांचे, नाशिकचे नव्हे; आणि पुस्तकाचा सूर ब्रिटिशांबद्दल कृतज्ञतेचा. याच म्बोटेलांपैकी टॉम म्बोटेला केनिया आफ्रिकन युनियनचे उपाध्यक्ष झाले. त्या युनियनचे अध्यक्षपद १९४७ पासून जोमो केन्याटा यांच्याकडे होते, आणि केन्याटा १९४५ च्या मँचेस्टर येथील पॅन-आफ्रिकन काँग्रेसमधून, पॅडमोर आणि एन्क्रुमा यांच्या संगतीतून परतलेले. अटलांटिकची आणि हिंदी महासागराची अशा दोन वाटा एका कार्यकारिणीत येऊन बसल्या. पण टॉम म्बोटेला मवाळ. ब्रिटिशांविरुद्धच्या सशस्त्र माऊ माऊ उठावाला त्यांचा विरोध होता, आणि नोव्हेंबर १९५२ मध्ये नैरोबीत त्यांचा खून झाला. शरणपूर-फ्रिअर टाउनच्या परंपरेची मर्यादा इथे उघडी पडते: समान नागरिक म्हणून स्वीकारले जाण्याची मागणी तिने अर्धशतक आधी केली, पण जमीन गमावलेल्या शेतकऱ्याच्या रागाची भाषा तिला कधी आली नाही. तिच्याजवळ गमवायला जमीनच नव्हती.

शरणपूरच्या मूळ विद्यार्थ्यांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत जास्त जगला. तो मोंबासात १९३५ मध्ये वारला. त्याच वर्षी इटलीने इथिओपियावर स्वारी केली आणि लंडनमध्ये सी. एल. आर. जेम्स, एमी ॲशवुड गार्वी, केन्याटा या मंडळींनी ॲबिसिनियाच्या मित्रांची संघटना उभी केली. दहा वर्षांनी मँचेस्टरला जे जमले त्यांतले बरेच तिथूनच आले. वेलिंग्टनच्या हयातीत, १९३० मध्ये, त्याच्यावर एक छोटी पुस्तिका निघाली होती. तिच्या नावातच तो कोण हे सांगितलेले आहे: डॉक्टर लिव्हिंग्स्टन यांच्याशी जोडणारा एकमेव जिवंत दुवा.